घर ते शाळा, एकट्यानं: दृष्टिहीन मुलांना चालायला शिकवताना

चौदा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एका अंध मुलीच्या हातात पांढरी काठी दिली, तेव्हा मला वाटलं होतं की निम्मं काम झालं. तिसरीत होती ती. काठी कोरी, घडीची, खाली लाल पट्टा. दोन दिवस शाळेच्या पटांगणात तिला काठी डावी-उजवी फिरवायला लावली, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि पुढच्या शाळेला गेले. दीड महिन्यानं तिच्या घरी डोकावले तर काठी दारामागे उभी. आजीनं तिच्या टोकाला तारेची आकडी बांधली होती आणि तिनं शेवग्याच्या शेंगा पाडणं चाललं होतं. "लई हलकी हाय बाई," आजी खूश होती. मुलगी मात्र पूर्वीसारखीच धाकट्या भावाचा शर्ट धरून शाळेत येत होती.

आजीचं काहीच चुकलं नव्हतं. मी काठी फिरवायला शिकवलं होतं. आपण आत्ता कुठं आहोत आणि कुठल्या बाजूला निघालोय, हे ओळखायला शिकवलंच नव्हतं. ह्या दोन्ही गोष्टींना मिळून ओरिएंटेशन अँड मोबिलिटी म्हणतात. आमच्यात सगळे 'ओ अँड एम'च म्हणतात. नावात ओरिएंटेशन आधी आहे ते उगाच नाही.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यात, वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांमधून फिरते. त्यामुळे खालची उदाहरणं उसाच्या ट्रॉल्यांची आणि शेणाच्या रस्त्यांची आहेत. तुम्ही शहरात असाल तर ट्रॉलीच्या जागी टेम्पो घाला. नव्यानं रुजू झालेले विशेष शिक्षक, ज्यांच्या वर्गात एकच दृष्टिहीन मूल आहे असे वर्गशिक्षक आणि घरचे, अशा तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितेय. काठीचं तंत्र मात्र नुसतं वाचून शिकवायला जाऊ नका. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम केलेल्या कोणाकडून तरी ते आधी स्वतःच्या हातात बसवून घ्या.

१. नजर किती आहे ते आधी बघा

यादीत 'अंध' असं लिहिलेल्या बऱ्याच मुलांना थोडंफार दिसत असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे, त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असेल किंवा दिसण्याचा कोन १० अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. त्याच्या वर, ६/१८ पर्यंत अल्पदृष्टी. ३/६० म्हणजे इतरांना जे ६० मीटरवरून दिसतं, त्यासाठी ह्या मुलाला ३ मीटरवर यावं लागतं. पण हा आकडा दवाखान्यातल्या तक्त्यासमोरचा. आपल्याला रस्त्यावरचा हवा.

म्हणून मुलाला सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला असं तीनदा बाहेर न्या. उन्हातून सावलीत गेल्यावर थबकतं का? पायरी उतरताना पाय चाचपतं का? समोरून येणारा माणूस कळतो, पण बाजूनं आलेली सायकल कळत नाही, असं होतं का? सगळं लिहून ठेवा.

सहावीतला एक मुलगा दिवसा क्रिकेट खेळायचा आणि संध्याकाळी गोठ्याच्या खांबाला धडकायचा. घरचे म्हणायचे, काम सांगितलं की बरोबर आंधळा होतो. त्याला रेटिनायटिस पिग्मेंटोसा होता. त्यात रातांधळेपणा येतो आणि नजर कडेकडेनं आक्रसत जाते, नळीतून बघितल्यासारखी. समोरून येणारा चेंडू नळीत असायचा, म्हणून दिसायचा. पायाशी असलेली बादली नळीबाहेर. अशा मुलाला काठी संध्याकाळपुरती लागते आणि नेमकी तीच घ्यायची त्याला लाज वाटते, कारण मित्र म्हणतात, "तुला तर दिसतंय की!" त्याच्याशी मी काठीबद्दल दोन महिने नुसतं बोलत होते.

अल्पदृष्टीच्या मुलांसाठी काठीच्या आधी दोन स्वस्त गोष्टी करा. चकाकीनं डोळे दिपत असतील तर पुढे छज्जा असलेली टोपी द्या आणि शाळेच्या प्रत्येक पायरीच्या कडेला दोन-तीन बोटं रुंद पिवळा पट्टा मारून घ्या. रंगाचा एक छोटा डबा पुरतो.

इथे एक चूक हमखास होते. शिक्षक डोळस मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना पाच मिनिटं वर्गात फिरवतात, 'म्हणजे त्यांना कळेल'. त्यांना कळते ती फक्त भीती. घरी जाऊन सांगतात, "बिचारा कसा जगत असेल!" पट्टी बांधायची असेल तर तुम्ही स्वतःला बांधा, तीही पाच मिनिटं नाही, रोज तासभर असे काही आठवडे. मग भीती संपून कान उघडतात. आंधळी कोशिंबीर खेळताना पोरं कशी घाबरून हात पसरतात, आठवून बघा. आपल्या मुलांना आपण त्याच्या बरोबर उलटं शिकवणार आहोत.

२. कागद आणि सामान

हे कंटाळवाणं आहे, पण आधी उरकून टाका.

- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र
- नेत्रतज्ज्ञांचा अलीकडचा अहवाल (प्रमाणपत्रावर टक्के असतात, आजार कुठला आणि तो वाढणारा आहे का, हे अहवालात मिळतं)
- आधार, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट फोटो
- पालकांचं लेखी संमतिपत्र. त्यात 'शाळेच्या आवाराबाहेर, रस्त्यावर सराव' हे शब्द स्पष्ट हवेत आणि खाली मुख्याध्यापकांची सही हवी. हा कागद नसताना मूल खरचटलं, तर तुमचा सगळा कार्यक्रम त्या दिवशी बंद पडतो. माझा एकदा पडलाय.

सामानात मोजपट्टी, जाड पुठ्ठा, सुतळी, फेविकॉल, वाळूचा कागद, मूठभर चिंचोके, घुंगरू आणि अर्थात काठी.

काठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साहित्य देणारी योजना) शिबिरात मिळू शकते. बरंचसं साहित्य कानपूरच्या अलिम्को ह्या सरकारी कंपनीतून येतं. अडचण अशी की शिबिरात मुलाला बऱ्याचदा मोठ्या माणसाच्या मापाची काठी मिळते. ती पोटात टोचते, मग मूल ती तिरकी धरतं आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. माप सोपं आहे. मुलाला सरळ उभं करा आणि काठी समोर उभी धरा. मूठ छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी यायला हवी. झपझप चालणाऱ्याला दोन-तीन इंच जास्त चालते. दर जूनला शाळा उघडली की पुन्हा मोजा, कारण पोरं उन्हाळ्यात उंच होतात. १५ ऑक्टोबरला, पांढरी काठी दिनाला, कोणी काठ्या वाटायला आले तर त्यांना मुलांच्या उंचीची यादी आधीच पाठवा. फोटो तेवढाच चांगला येतो.

३. 'इकडे' आणि 'तिकडे' बंद करा

पहिला महिना काठीला हात लावू नका. हा महिना शब्दांचा.

एक दिवस स्वतःचं बोलणं मोजा. "इकडे ये", "तिथे ठेव", "बघ, समोरच तर आहे". ह्यातल्या एकाही वाक्यात न बघणाऱ्या मुलाला काहीही मिळत नाही. त्याऐवजी "माझ्या आवाजाच्या दिशेनं तीन पावलं ये", "डाव्या हाताला फळा आहे, त्याच्या खाली ठेव" असं बोला. मुख्याध्यापकांपासून खिचडी शिजवणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना ही सवय लावायची आहे. मावशी सगळ्यात लवकर शिकतात, असा माझा अनुभव.

डावं-उजवं पक्कं करायला अनेक पुस्तकं घड्याळाचे काटे वापरायला सांगतात: भात सहावर, भाजी तीनवर. पण जन्मापासून न पाहिलेल्या मुलाला घड्याळाची तबकडी कुठून माहीत असणार? आपल्याकडे त्याहून चांगलं साधन रोज मुलाच्या समोर येतं, ते म्हणजे ताट. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. घरी सांगा की एक महिना ताट ह्या पद्धतीनंच वाढा, जागा बदलू नका. मग वर्गात म्हणता येतं, "तुझी पाटी चटणीच्या बाजूला आहे." पोरं हसतात आणि विसरत नाहीत.

दिशा शिकवायला ऊन वापरा. खेड्यातल्या मुलांना पूर्व-पश्चिम परीक्षेपुरतं असतं; उगवत-मावळत मात्र आजोबांकडून ऐकलेलं असतं. सकाळच्या प्रार्थनेला पटांगणात विचारा, "ऊन कुठल्या गालावर लागतंय?" उजव्या गालावर असेल तर तोंड उत्तरेला. शाळा सुटताना तेच ऊन डाव्या गालावर का आलं, हे मुलानं स्वतः शोधून काढलं, की तो तास वसूल झाला.

आणि एक प्रश्न दिवसातून दहा वेळा, कुठेही, कधीही विचारायचा: "आत्ता तू कुठं आहेस?" सुरुवातीला उत्तर येतं, "शाळेत." हळूहळू येऊ लागतं, "व्हरांड्यात, चौथीच्या दारापाशी, पाठ पटांगणाकडे." असं उत्तर यायला लागेपर्यंत काठी कपाटातच ठेवा.

४. डोळस सोबतीनं चालणं

हे फार वेळ शिकवायला लागत नाही, पण शिकवायचं असतं ते वर्गातल्या इतर पोरांना. धरायचं ते दृष्टिहीन मुलानं, डोळस मुलानं नाही. सोबत्याच्या कोपराच्या थोडं वर धरायचं, अंगठा बाहेर, चार बोटं आत. लहान मूल मोठ्या माणसाबरोबर असेल तर मनगट धरू दे. सोबती अर्धं पाऊल पुढे. त्याचं अंग वळलं, चढलं, थांबलं की ते हातातून आपोआप कळतं.

अरुंद जागा आली की सोबत्यानं तो हात पाठीमागे घ्यायचा. मागचं मूल समजून त्याच्या बरोबर मागे येतं. पायऱ्यांना कधीही तिरकं भिडायचं नाही. सरळ समोर थांबायचं, "चढ" किंवा "उतार" एवढंच म्हणायचं आणि निघायचं. खुर्चीवर खांद्याला दाबून बसवायचं नाही. मुलाचा हात खुर्चीच्या पाठीला लावून द्यायचा, पुढचं ते बघतं.

सोडून जाताना सांगून जायचं आणि मुलाचा हात भिंतीला किंवा बाकाला लावून जायचं. मोकळ्या पटांगणाच्या मध्यभागी सोडलेलं मूल म्हणजे विहिरीच्या मधोमध सोडल्यासारखं, कुठल्याच बाजूला काठ नाही.

पोरं पाठीवर हात ठेवून 'गाडी गाडी' करत ढकलत नेतात. प्रेमानंच करतात, पण पहिल्याच दिवशी थांबवा. पुढे असलेल्या मुलाला खड्डा आधी लागतो.

५. हाताचं कुंपण आणि वर्गाची ओळख

ओळखीच्या बंद जागेत काठी लागत नाही, हात पुरतात. एक हात वर: खांद्याच्या उंचीला समोर, कोपरात वाकवून आडवा, तळवा बाहेर. ह्यानं चेहरा वाचतो. दुसरा खाली: पोटाखाली तिरपा, अंगापासून वीतभर पुढे. ह्यानं टेबलाचा कोपरा आधी हाताला लागतो. दोन्ही हात सतत धरून चालायचं नसतं. धोका वाटेल तिथे तेवढ्यापुरतं.

भिंतीच्या कडेनं चालताना हात कमरेच्या उंचीवर, थोडा पुढे आणि भिंतीला टेकते ती करंगळी-अनामिकेची पाठ, बोटं किंचित वळवून. तळवा घासत नेलात तर एखादा खिळा किंवा दाराची फट बोटं सोलून काढते.

वर्गाची ओळख करून देताना दारापासून सुरू करा. भिंतीच्या कडेनं पूर्ण फेरी, परत दारापाशी. प्रत्येक भिंतीला नाव द्या: फळ्याची, खिडकीची, कपाटाची, दाराची. मग दाराच्या भिंतीला पाठ टेकवून तिथून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ आरपार जायचं. पाठ भिंतीला टेकवून निघणं महत्त्वाचं आहे. न बघता चालणारा माणूस जरा तिरका सुटला की दहा पावलांत भलतीकडे पोचतो.

आता ज्या गोष्टी कुठल्याच पुस्तकात नसतात त्या. आपल्या शाळांत चपला वर्गाबाहेर काढतात आणि दारातच त्यांचा ढीग पडतो. माझी जितकी मुलं पडली त्यातली निम्मी ह्या ढिगावर पडली असतील. नियम करा: चपला दाराच्या एकाच बाजूला, भिंतीला लावून. दुसरी गोष्ट अर्धवट उघडं दार. पूर्ण उघडं चालतं, पूर्ण बंद चालतं. अर्धं उघडं दार दोन हातांच्या मधून येऊन सरळ कपाळावर बसतं. तिसरी, बाहेर उघडणाऱ्या खिडकीची झडप. व्हरांड्यातल्या झडपा मुलाच्या डोक्याच्या उंचीवर असतील तर कडी लावून पक्क्या करा किंवा कायमच्या बंद.

६. पक्की खूण, कच्ची खूण

ह्या पायरीवर घाई केली की पुढचं सगळं ढासळतं, म्हणून इथे जास्त वेळ थांबते.

दुसऱ्या एका मुलीचा घर ते शाळा रस्ता मी बसवला होता. साडेसातशे-आठशे पावलं. वळायचं कुठं, तर पिठाच्या गिरणीपाशी. आवाज मोठा, पिठाचा वास, याहून चांगली खूण कुठली? पंधरा दिवस झकास चाललं. मग एका सोमवारी ती शाळेत पोचलीच नाही. गिरणी सोमवारी बंद असते. ती पुढे जात राहिली आणि ओढ्याच्या पुलावर जाऊन उभी राहिली. कोणा सायकलवाल्या आजोबांनी आणून सोडलं. रडली नव्हती. म्हणाली, "बाई, आज गिरणी गायब होती."

तेव्हापासून मी खुणांचे दोन गट करते. पक्की खूण कधी हलत नाही, कधी बंद पडत नाही आणि पायाला, काठीला किंवा हाताला लागते: डांबरी संपून मुरूम सुरू होतो ती जागा, गटारीवरची फरशी, देवळाचा ओटा, हापसा, रस्त्याचा उतार. कच्ची खूण असते आणि नसते: गिरणी, भज्यांचा वास, बांधलेली म्हैस, रेडिओ, शाळेची घंटा. वळण घ्यायचं ते फक्त पक्क्या खुणेवर. कच्ची खूण म्हणते, 'जवळ आलीस.' पक्की म्हणते, 'आता वळ.' गिरणीपासून बारा पावलांवर गटारीची फरशी होती. मला पंधरा दिवस ती दिसलीच नव्हती, कारण मी डोळ्यांनी बघत होते.

रस्ता ठरला की त्याचा हाताला लागणारा नकाशा करा. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवली की रस्ता, वाळूच्या कागदाचा तुकडा म्हणजे मुरूम, चिंचोका म्हणजे खूण. दहापेक्षा जास्त चिंचोके लावू नका, बोटं गोंधळतात. नकाशा नेहमी मूल ज्या दिशेला तोंड करून उभं आहे त्या दिशेला फिरवून द्या; उलटा धरला तर डावं-उजवं बदलतं आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

कानाचं शिक्षणही इथेच. बरीच अंध मुलं भिंत लागायच्या आधीच थांबतात. विचारलं तर म्हणतात, "तोंडाला कळतं." प्रत्यक्षात ते कानाला कळत असतं, १९४०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत कान बंद केल्यावर हेच लोक भिंतीवर जाऊन आदळले. मोकळ्या पटांगणात टाळी वाजवायला सांगा, मग भिंतीपासून हातभर अंतरावर, मग दोन इमारतींच्या बोळात. फरक मुलालाच सांगू द्या. जिभेचा टक् असा आवाजही चालतो. शिक्षक 'घाण सवय' म्हणून तो बंद करतात, करू नका.

७. आता काठी

आज जगभर शिकवतात ते लांब काठीचं तंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जच्या लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी बसवलं. त्याच्या आधी काठी असायची ती टेकायला आणि लोकांना दिसायला. हूव्हर यांनी तिला पुढचं पाऊल तपासणारं बोट केलं. हेच मुलाला सांगा: ही काठी टेकायची नाही, हे तुझं लांब बोट आहे.

मूठ हात मिळवल्यासारखी, तर्जनी काठीवर सरळ खाली. हात बेंबीसमोर, अंगापासून थोडा पुढे. हलतं फक्त मनगट. कोपर हललं की काठी शेजारच्यांच्या नडग्यांवर. टोक दोन्ही खांद्यांच्या बोटभर बाहेर टेकायचं आणि मधून नेताना जमिनीपासून जेमतेम इंचभर उचलायचं. उजवा पाय पुढे असताना टोक डावीकडे, डावा पाय पुढे असताना उजवीकडे. कारण पुढचा पाय जिथे पडणार ती जागा काठीनं आधी बघून ठेवायची असते.

पाय आणि काठीचा हा मेळ बसत नाही तेव्हा लोक चिडतात. लेझीम काढा. शाळेत असतेच. लेझमीच्या ठेक्यावर आधी जागेवर पाय, मग जागेवर काठी, मग दोन्ही, मग चाल. रोज वीस मिनिटं पुष्कळ झाली.

मुरमाच्या, खडबडीत रस्त्यावर मी टोक उचलायला शिकवतच नाही. जमिनीवरून सरकवत न्यायचं. खड्डा, गटार लवकर कळतं आणि लहान मुलाला सोपंही जातं. टोक फटीत अडकतं तेव्हा मूठ पोटात बसू नये म्हणून पकड सैल ठेवायला शिकवा.

पायऱ्या चढताना काठी उभी, पेनासारखी वरून धरायची, टोक पुढच्या पायरीला टेकत राहतं. टेकायला पायरी मिळाली नाही की वर एकच पाऊल उरलं. उतरताना काठी समोर तिरकी. टोक सपाट जमिनीला टेकलं की एकच पायरी राहिली.

काठी कमरेच्या वरचं काही सांगत नाही, हे मुलाला आणि घरच्यांना स्पष्ट सांगा. उसाच्या ट्रॉलीबाहेर आलेली कांडी, कपड्यांची तार, बाभळीची फांदी. आयआयटी दिल्लीत तयार झालेलं स्मार्टकेन नावाचं उपकरण काठीच्या मुठीकडे बसवता येतं आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा जवळ आला की हाताला कंप जाणवतो. चांगलं आहे, पण मोठ्या मुलांना, साध्या काठीवर हात बसल्यावर. तोवर तार उंच बांधा आणि फांदी छाटा.

८. रस्ता तुकड्यांनी, शेवटापासून

रस्त्याचे चार-पाच तुकडे करा आणि शेवटचा तुकडा सगळ्यात आधी शिकवा. म्हणजे पहिल्या दिवशी मुलाला हापशापर्यंत सोबत आणायचं आणि तिथून शाळेचं फाटक त्यानं स्वतः गाठायचं. रोजचा सराव पोचण्यावर संपतो. घराकडून सुरू केलं तर रोज मध्येच कुठेतरी 'बाकीचं उद्या' होतं.

तुम्ही आधी शेजारी, मग दोन पावलं मागे, मग वीस, मग पन्नास. मागून सूचना द्यायच्या नाहीत. एकदा मी अशीच लांबून, अगदी गुपचूप चालले होते. मुलगी थांबली, मागे न वळता म्हणाली, "बाई, तुमची डावी चप्पल वाजतीय." दुसऱ्या दिवशी बूट घालून गेले.

मदत करणारे लोक हाच मोठा अडथळा ठरतो. ते दंडाला धरून ओढतात, नाहीतर काठीचं टोक धरून शेळीसारखं नेतात. मुलाकडून एक वाक्य पाठ करून घ्या आणि मोठ्यानं म्हणायचा सराव करा: "काका, मी येते. फक्त समोर काय आहे ते सांगा." ज्या मुलीनं आयुष्यात मोठ्या माणसाला नाही म्हटलेलं नाही, तिला हे वाक्य काठीपेक्षा अवघड जातं.

मोठा रस्ता ओलांडणं मी प्राथमिकच्या मुलांना एकट्यानं शिकवत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. त्यांना मदत मागायला शिकवते: कडेला थांब, काठी समोर दिसेल अशी धर, पावलं जवळ आली की विचार. आठवी-नववीपासून गाड्यांच्या आवाजावरून अंदाज घ्यायला सुरुवात करते, तेही कोणीतरी शेजारी असताना. सायकल आणि विजेवरची स्कूटर ऐकू येत नाही, हे लक्षात असू द्या.

पावसाळा वेगळा शिकवावा लागतो. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की निम्म्या खुणा पुसल्या जातात, चिखलानं मुरूम आणि माती एकच होतात. रेनकोटची टोपी कान झाकते, म्हणजे मुलाचे उरलेले डोळेही झाकते. टोपी मागे आणि डोक्याला साधं प्लास्टिक, कान उघडे. छत्री नको, दुसरा हात मोकळा हवा.

शहरात, मेट्रो स्थानकात पिवळ्या उठावदार फरश्या असतात: लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, काहीतरी बदलतंय. ही पद्धत जपानमधली, १९६७ची. आपल्याकडच्या पदपथांवर ह्या फरश्या कधीकधी सरळ विजेच्या खांबात घुसतात, तेव्हा मुलाला नेण्याआधी पूर्ण पट्टी स्वतः चालून बघा.

९. मुद्दाम हरवा

रस्ता येतो असं वाटलं की शेवटची परीक्षा. ओळखीच्याच परिसरात दोन-तीन वळणं फिरवून मुलाला एका जागी सोडा आणि विचारा, तोच जुना प्रश्न. ठरलेला क्रम पाठ हवा: थांब. ऊन बघ, आवाज ऐक, पायाखालचं बघ. शेवटची पक्की खूण कुठली होती? तिथपर्यंत मागे जा. नाही जमलं तर विचार. न थांबता भरभर चालत राहणं, हीच हरवलेल्या मुलाची खरी चूक असते.

ह्या दिवशी घरच्यांना बोलवा, पण वीस पावलं लांब आणि तोंड बंद ठेवायच्या अटीवर. एका वडिलांनी तोंडात रुमाल धरला होता. मुलगा हापशापाशी पोचला, हात लावला, हापसून पाणी प्यायला आणि मग म्हणाला, "पप्पा, तुम्ही पारापाशी उभे आहात ना? तंबाखूचा वास येतोय."

पडणं होणार. गुडघे फुटणार. पहिल्यांदा पडल्यावर आई काठी उचलून माळ्यावर टाकते, हे जवळपास ठरलेलं. त्या आठवड्यात भांडू नका, रोज घरी जा, चहा प्या. धाकटा डोळस भाऊ ह्या महिन्यात किती वेळा पडला, हे आईलाच मोजायला सांगा.

१०. काठीची देखभाल

घडीच्या काठीच्या आतलं इलॅस्टिक सैल पडलं की काठी चालता चालता दुमडते. ते ताणून पुन्हा गाठ मारता येते. चिखल झाला की रोज धुवायची, सांधे कोरडे करायचे. जादा टोकं जवळ ठेवा.

दर तीन महिन्यांनी ते नायलॉनचं टोक हातात घेऊन बघा. सारखं झिजलं असेल तर सगळं ठीक, नवं बसवा. एकाच बाजूनं झिजलं असेल तर काठी रोज एकाच अंगानं धरली जातेय, टोक फिरवून लावा. आणि कोरं करकरीत असेल, तर मुलाला काही विचारू नका. सरळ त्याच्या घरी जा आणि अंगणात शेवगा आहे का बघा.